हात हुंगणारे जमादार

आमच्या गावात जमादार आले की माणसं रामराम करायच्या आधी हात धुवायची. कारण रामराम घेताना जमादार समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायचे, मायेनं दाबायचे आणि सोडता सोडता मिशीजवळ नेऊन हळूच हुंगायचे. नव्या माणसाला वाटायचं, केवढा प्रेमळ गडी. जुन्यांना ठाऊक होतं की ते बंदुकीच्या दारूचा वास शोधतायत. पाठीमागं सगळे त्यांना हुंग्या जमादार म्हणायचे. तोंडावर जमादारसाब.

ते निजाम सरकारच्या शिकारखात्यात होते. अंगानं वाळक्या शेंगेसारखे, खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला, हातात काठी. मूळचे लोहाऱ्याकडचे, त्यामुळं दखनी, मराठी आणि कानडी तिन्ही भाषा एकाच वाक्यात यायच्या. येरमाळ्याला एका खोलीत राहायचे आणि तिथून आसपासची गावं पायी फिरायचे. बंदूक मात्र त्यांच्याजवळ नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बंदूक हातात आली का माणूस नेम धरतो. मग आपणच आपल्यावर शक घ्यायचा का?"

ते पहिल्यांदा आले तेव्हा चावडीवर दवंडी झाली होती आणि भिंतीवर हुकूम चिकटवला होता. तितर, ससा यांची शिकार परवाना असेल त्यानं नेमल्या महिन्यांत करावी. पण गाणारी पाखरं, म्हणजे चंडोल, बुलबुल, दयाळ, कोकीळ, बारा महिने मारायची नाहीत. मारील त्याची बंदूक सरकारजमा. मी तेव्हा चौथीत होते. शाळेतून येताना मी तो कागद सगळा वाचला आणि मला तो फार आवडला. पण गावाला तो पटला नाही.

"मुठीत मावणारं पाखरू," लोक म्हणायचे, "आन् त्याच्यापायी सरकार पगारी माणूस ठेवतंय? कुणाला सांगता!"

माझे वडील, अण्णा, ओट्यावर तंबाखू मळत म्हणायचे, "पाखराचं नुसतं नाव हाय. ह्यो माणसं मोजाया आलाय."

अण्णांचं म्हणणं अगदीच उगीच नव्हतं. ते दिवसच तसे होते. आमच्या माळापलीकडून वाट बार्शीकडं, इंग्रजी मुलखात जायची. सरकारविरुद्ध बोलणारी तरणी माणसं पहाटे त्या वाटेनं निघून जायची आणि मागं पोलीस चौकशीला यायचे. अशा वेळी एक सरकारी माणूस दिवसदिवसभर त्याच माळावर झुडपाआड बसून राहतो, कागदावर काहीतरी लिहितो आणि विचारलं तर म्हणतो, चंडोल ऐकतोय. कोण विश्वास ठेवील? पोरंटोरंसुद्धा त्यांच्यासमोर घरातल्या माणसांची नावं घ्यायची नाहीत.

जमादारांचाही गावावर तितकाच अविश्वास होता. ते आधी उकिरड्याकडं जायचे, मग चावडीवर. काठीनं राख उकरून पिसं बघायचे. कोंबडीची, होल्याची, चंडोलाची पिसं त्यांना बोटांनीच कळायची. गोफणीचे गोटे उचलून त्यावर रक्ताचा डाग आहे का ते पाहायचे. एकदा आमच्या मांजरीला त्यांनी मानेला धरून उचललं, तिचं तोंड हुंगलं आणि तिला खाली ठेवत म्हणाले, "ही गुन्हेगार आहे. पण हिला परवान्याची गरज नाही." चहा दिला तर आधी देणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचे. म्हणायचे, "जमादार आला आणि चहा लगेच आला, म्हणजे घरात काहीतरी शिजलंय." उशिरा दिला तरी तेच म्हणायचे.

त्यांचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ झालं होतं. "मेरेकू सब पे शक है. ज्याच्यावर नाही, त्याच्यावर जास्ती." आमच्या आत्या त्यांची हुबेहूब नक्कल करायच्या. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन आमच्याकडंच राहिलेल्या. घरात त्यांचा शब्द चालायचा. भाकरी करपली तरी त्या मिशी नसलेल्या ओठावर बोट फिरवून म्हणायच्या, "मेरेकू तव्या पे शक है."

पण जमादारांचं माळावर बसणं खरंच चंडोल ऐकण्यासाठी होतं. ते मला माझ्या स्वतःच्या भानगडीमुळं कळलं.

मी फार लाजाळू होते. आईशी मी बोलायचे, तेही हळू. परकं माणूस समोर आलं की जीभ टाळूला चिकटायची. शाळेत गुरुजींनी विचारलं की मी उत्तर पाटीवर लिहून दाखवायचे आणि अशाच रीतीनं चौथी पास झाले. पुढं शाळा नव्हती. मग हुरड्याच्या दिवसांत मला ज्वारी राखायला शेतात पाठवू लागले. मचाणावर बसायचं, भोरड्यांचे थवे आले की गोफण फिरवायची. गोफण फिरवायला बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम बरं वाटायचं.

आमच्या शेताला लागूनच मुरमाड माळ. तिथं चंडोल होते. बघायला गेलं तर मातीच्या ढेकळासारखं पाखरू. पण गायला लागलं की सरळ वर चढतं, एका जागी टांगल्यासारखं राहतं आणि तितर, टिटवी, ज्याचा त्याचा आवाज काढतं. मोठं नकल्या पाखरू. एकटी असताना मी त्याला शीळ घालायचे. बाईमाणसानं शीळ घातली तर घराचं वाटोळं होतं म्हणतात. मला ते माहीत होतं, म्हणून आसपास कुणी नाही हे चहूकडं पाहूनच मी घालायचे. पुढं पुढं त्यातला एक चंडोल माझ्या शिळेचं शेवटचं वळण उचलायला लागला. मी घातली की तो वरून तशीच परत करायचा. माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

एक दिवस मी शीळ घालून वर बघत होते आणि खालून आवाज आला, "सापडला!"

निवडुंगामागून जमादार उठले. कोटाला काटे अडकलेले, गुडघ्यांना माती. ते चार दिवस तिथं बसून होते. त्या माळावर सात चंडोल आहेत हे त्यांना एकेकाच्या गाण्यावरून पक्कं ठाऊक होतं आणि आठवडाभर त्यांना आठ आवाज ऐकू येत होते. त्यांना वाटलं, कुणी पाखरं धरणारा शीळ घालून चंडोलांना जाळ्यात ओढतोय. मचाणावर मला पाहून त्यांचा चेहरा असा पडला की जणू मीच त्यांना फसवलं.

"तू?" ते म्हणाले. "आठवा तू?"

मी मचाणाची दांडी धरली. आता हे गावात सांगणार, मग अण्णा, आत्या, सगळंच संपलं. जमादारांनी मचाणाखाली वाकून जाळं आहे का पाहिलं, माझी फडक्यातली भाकरी उलगडून पाहिली, गोटे पाहिले. मग कोटाच्या खिशातून कागद काढून त्यावर काहीतरी खोडलं.

"आठवा लिहिला होता. काढून टाकला," म्हणाले. "पण शक कायम आहे, बेटी. इतकी चांगली शीळ साध्या माणसाला येत नाही."

जाता जाता ते थांबले. बार्शीकडच्या वाटेकडं बघत म्हणाले, "इथं पहाटे बसलं का लई काय काय उडून जाताना दिसतं. सगळं माझ्या यादीत नसतं."

त्यांनी माझ्या शिळेचं कुणाला सांगितलं नाही. मी महिनाभर रोज आत्यांचा चेहरा बघायचे, त्यांना कळलं का म्हणून. कळलं नव्हतं.

पुढं फाल्गुनात कळंबकडची माणसं मला बघायला आली. पाटावर बसवलं. मुलाच्या मामांनी विचारलं, "नाव काय, बाळ?" मी पाटाकडं बघत राहिले. त्यांनी परत विचारलं. आई दाराआडून हळूच म्हणाली, "सांग की गं." पाटाच्या लाकडात एक गाठ होती, ती मला आजही दिसते. तिसऱ्यांदा विचारून मामा उठले. बाहेर जाऊन त्यांनी अण्णांना जरा मोठ्यानंच विचारलं, "मुकी हाय व्हय? आधी सांगायचं न्हाय का?"

त्यानंतर आमच्या घरात जे व्हायचं ते झालं. आई रडली आणि आत्यांनी इलाज काढला. गाणाऱ्या पाखराची जीभ. पाखरू गाता गाता पडलं पाहिजे, म्हणजे गाणं जिभेवरच राहतं. ती जीभ मधात बुडवून पोरीच्या तोंडात घालायची. आत्यांच्या सासरी कुणा एकीला असा गुण आला होता म्हणे. अण्णा आधी नको म्हणाले. हुकूम होता, आणि अण्णांची ठासणीची बंदूक म्हणजे आमच्या भुईमुगाची राखण. ती गेली तर रानडुकरं शेतात मोकळी. पण आत्या म्हणाल्या, "पोरगी जन्मभर उंबऱ्याच्या आत बसवणार का? एका पाखरापायी?" अण्णांनी खुंटीवरची बंदूक उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर मी गोठ्यात होते. माळाकडून चंडोल ऐकू येत होता. त्यानं माझ्या शिळेचं वळण घेतलं आणि तिथंच बंदूक वाजली.

अण्णा टॉवेलात गुंडाळून ते घेऊन आले. मी बघायचं नाही म्हणून ठरवलं होतं, पण बघितलं. इतकं लहान. आत्यांनी काय केलं ते मी लिहीत नाही. बोटावर मध होता आणि मधात तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. "गीळ," आत्या म्हणाल्या. मी तोंड मिटलं आणि ते गालात धरून ठेवलं. गिळता येईना, थुंकायची हिंमत होईना.

अण्णांनी दारूचा वास जावा म्हणून गोठ्यातलं ताजं शेण घेऊन कोपरापर्यंत हात चोळले आणि मग धुतले. ही युक्ती गावात सगळ्यांना माहीत होती. अण्णा शहाणे, पण एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही की शेणाला त्यांनी उभ्या जन्मात हात लावलेला नव्हता. गोठा, गोवऱ्या, सारवण, सगळं आमच्याकडं बायकांचं.

जमादार दुपारच्या आत आले. उकिरड्याकडं गेले नाहीत. सरळ ओट्यावर आले, अण्णांचा हात दोन्ही हातांत घेतला, दाबला, मिशीजवळ नेला आणि तिथंच धरून ठेवला.

"अण्णा," ते म्हणाले, "तुम्ही शेण कधीपासून भरायला लागलात?"

आत्या आतून धावत आल्या. "गाय व्यालीया, जमादारसाब. गडबडीत मदत केली त्यांनी."

"गाय व्याली? मुबारक. परवा मी पाहिली तवा गाभणसुद्धा नव्हती." मग त्यांचा आवाज बदलला. "आज सकाळी सहाच बोलले. सातवा कुठाय?"

अंगणात मी, दारात आई. जमादार माझ्याकडं वळले. "बेटी, तू सांग. सकाळी बंदूक वाजली का?"

"तिला काय इचारता?" आत्या घाईनं म्हणाल्या. "ती मुकी हाय. साऱ्या गावाला ठावं हाय."

"मुकी?" जमादार म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता सांगणार. मुकी कसली, ही तर माळावर शीळ घालते, मी चार दिवस ऐकलीय. एवढं एक वाक्य बोलले असते तर मला तोंड उघडावंच लागलं असतं आणि त्यांचं काम झालं असतं. सगळ्यांवर शक घेणारा माणूस, त्याला अशा धाग्याची किंमत कळत नव्हती असं नाही. पण ते बोलले नाहीत. त्यांनी काठी उचलली.

"मुक्याची जबानी सरकारात चालत नाही," ते म्हणाले. "दुसरा गवाह नाही. मग जमादारानं काय करायचं? चला, येतो."

ते वळले. अण्णांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. गालात ती कणी होती आणि मधाचा गोडवा संपला होता. मला कळत होतं की आता गप्प राहिले तर बंदूक राहील, अण्णा सुटतील, आणि माझं मुकेपण सरकारी माणसासमोर शाबीत होईल, कायमचं. आणि तो चंडोल कधी नव्हताच असं होईल. मी विचार करून काही केलं असं म्हणत नाही. मी तळहातावर थुंकले, हात पुढं केला आणि म्हणाले, "वाजली."

जमादारांना आनंद झाला नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, दोन बोटांनी ते उचलून त्यात बांधलं आणि मान खाली घालून म्हणाले, "अण्णा, माफ करा. बंदूक द्या."

अण्णा आत गेले आणि बंदूक आणून त्यांच्या हातात दिली. माझ्याकडं पाहिलं नाही. आईनं तोंडावर पदर घेतला. अंगण एवढं गप्प झालं की कोंबडीच्या नखांचा आवाज येत होता. आणि त्या शांततेत आत्या एकदम ओरडल्या,

"बोलली! अगं बया, पोरगी बोलली! लागू पडलं!"

अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. चैत्र गेला. वैशाखात त्यांना तहसीलला बोलावणं आलं. परत आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, रोजच्यासारखा खाली ठेवून मागं सरणार, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. मग आईला सांगू लागले, पण मला ऐकू जाईल असं. "साहेबानं इचारलं, गवाह कोण? म्हनलं, माजी लेक. तर म्हनला, ती मुकी म्हणतात ती का? म्हनलं, न्हाय साहेब, मुकी न्हाय. चांगली बोलती. माज्याच इरुद्ध बोलली, तुमाला अजून काय पुरावा पायजे?" सांगताना ते हसत होते. बंदूक मात्र गेली ती गेलीच. त्या पावसाळ्यात रानडुकरांनी अर्धा भुईमूग उकरला आणि उरलेला अण्णांनी पत्र्याचा डबा बडवून राखला.

आत्यांचा इलाज मात्र पंचक्रोशीत गाजला. हुंग्या जमादारासमोर मुकी पोर बोलली, ही गोष्ट आत्या इतकी रंगवून सांगायच्या की मलाच ती खरी वाटायची. लोक विचारत यायचे, पाखरू कुठलं, मध किती, दिवस कोणता. जमादार एकदा आमच्या परसाच्या भिंतीपलीकडं उभे राहिले आणि भिंतीशी बोलावं तसं बोलले. "एका शब्दानं एक बंदूक गेली, बेटी. आणि त्याच शब्दानं सहा चंडोलांवर दहा बंदुका लागल्या. मी रुमाल सोडून दाखवतो, तर लोक म्हणतात जमादार खोटा, ही दुसऱ्याच कशाची तरी जीभ असंल. आयुष्यभर मी लोकांवर शक घेतला. आता माझी पाळी."

मी भिंतीअलीकडं उभी राहिले. ते गेले.

त्या वर्षीच्या येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं गाव रीतीप्रमाणं आपापल्या शेतात जेवायला गेलं. आमच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, घातली होती. पूजा झाली, आंबिलाचं मडकं आलं, पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचा वास सुटला. शेजारच्या गावची एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. पाच वर्षांची असेल. बोलत नव्हती. नवरा शेताच्या बांधावर थांबला होता आणि त्याच्या खांद्यावर बंदूक होती. बाई आत्यांच्या पाया पडली. "आक्का, कसं करायचं ते एकदा नीट सांगा."

आत्यांनी पदर सावरून सुरुवात केली. माळावर चंडोल बोलत होते. ती लहान मुलगी माझ्याकडं बघत होती, आणि तिची नजर मला ओळखीची वाटली.

"मी गिळली न्हाय," मी म्हणाले.

सगळ्या बायका वळल्या. पण आता सुरू केलं होतं. "थुंकली मी. जमादारांच्या रुमालात हाय ती. औषध माज्या पोटात गेलंच न्हाय."

"मेली तोंड वर करून बोलती!" आत्या म्हणाल्या. "घराची अब्रू घालवती!"

ती बाई मात्र माझ्याजवळ आली. "मग तू बोलायला लागलीस कशानं?"

त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. मी त्या मुलीच्या हातात बाजरीचा उकडलेला उंडा दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून खाल्ला. बाई बराच वेळ बसली, मग बांधावर गेली आणि नवऱ्याला घेऊन आल्या वाटेनं परत गेली. आत्या माझ्याशी संक्रांतीपर्यंत बोलल्या नाहीत. आमच्या घरात माझ्याशी न बोलण्याची पाळी लागलेली असायची. पण इलाज विचारायला येणारे कमी झाले. जमादारांना हे कुणी सांगितलं माहीत नाही. पुढच्या खेपेला त्यांनी आमच्या उकिरड्यात काठी घातली नाही. त्यांच्याकडून यापेक्षा मोठा मान कुणाला मिळाला नसेल.

त्या माळावर सात चंडोल मात्र परत कधी भरले नाहीत. सहाच राहिले.

मग माझं लग्न येरमाळ्याला झालं. त्याच सुमारास निजामाचं राज्य गेलं. बिल्ले उतरले, हुकमांचे कागद भिंतीवरून पोरांनी ओरबाडून काढले. गावात परत जुनी गोष्ट निघाली, हुंग्या जमादार खबऱ्या होता. गावातल्या दोघांना मधल्या काळात पोलिसांनी धरलं होतं. ती नावं कुणी दिली? मला खरंच माहीत नाही. माळावर बसून त्यांनी काय काय पाहिलं आणि त्यातलं काय कागदावर गेलं, हे मी पाहिलेलं नाही. मी एवढंच ऐकलं होतं की सगळं त्यांच्या यादीत नसतं. ते वाक्य मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आता वाटतं. फक्त अण्णांना सांगितलं, मी संक्रांतीला माहेरी आले तेव्हा. अण्णा ऐकून तंबाखू मळत राहिले.

दुसऱ्याच दिवशी जमादार आले. खाकी कोट नाही, बिल्ला नाही. साधा सदरा आणि डोक्याला टॉवेल. लोहाऱ्याकडं आपल्या घरी कायमचे निघाले होते आणि वाट वाकडी करून गावातून चालले होते. मी ओट्यामागच्या खिडकीतून पाहत होते. एरवी हात पुढं करणारी माणसं दारातून आत सरली. कुणी शिवी दिली नाही, कुणी रामरामही केला नाही. जमादार दोन्ही बाजूंनी प्रत्येकाकडं बघत, प्रत्येकावर शक घेत, पण थोडे वाकून चालत होते.

अण्णा ओट्यावरून उतरले. ज्यांची बंदूक त्या माणसानं नेली होती ते अण्णा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात स्वतःच पुढं केले. सगळं गाव बघत होतं. जमादारांनी ते धरले, दाबले आणि सवयीनं मिशीजवळ नेले.

"शेण नाही," ते म्हणाले.

"आता काय हाय लपवायला?" अण्णा म्हणाले. "तुमी माझी बंदूकच ठिवली न्हाय."

दोघं हसले. जमादारांचे डोळे भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. बघणाऱ्यांना शक आला असता. मग खिडकीकडं बघून म्हणाले, "बेटी आलीय म्हणतात. बोल की काहीतरी."

मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. वाजली म्हणाले होते, गिळली न्हाय म्हणाले होते, आणि आता साधं 'जपून जा' एवढं निघेना. ते वाट बघून निघाले.

ते नजरेआड झाल्यावर मी परसातून शेतात पळाले. हुरडा आला होता, मचाण उभं होतं. मी वर चढले तेव्हा ते माळ ओलांडत होते, लहान दिसत होते. मी चहूकडं पाहिलं नाही. शीळ घातली, चंडोलाची, शेवटच्या वळणासकट.

जमादार थांबले. त्यांनी मचाणाकडं पाहिलं नाही. आधी जवळच्या निवडुंगामागं जाऊन वाकून बघितलं, मग पलीकडच्या बोराटीखाली काठी घालून पाहिली. कुणी नाही अशी खात्री झाली तेव्हा ते सरळ उभे राहिले. पाठमोरे असतानाच त्यांनी दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची दोन.

सात.

मग हात खाली घेऊन ते लोहाऱ्याच्या वाटेला लागले.